उजव्या बाजूचं नाव

फळ्यावर आईचं नाव उजव्या बाजूला होतं, हिरव्या अक्षरांत.

तनुजाने ते दोनदा वाचलं, मग डावीकडच्या सगळ्या नावांवरून नजर फिरवली. तिथे ते नव्हतं. आई शेजारी खुर्चीवर डोळे मिटून बसली होती. खुर्ची फक्त तिच्यासाठी आणलेली, बाकीच्या बायका सतरंजीवर होत्या. शुक्रवारची उपास-प्रार्थना संपत आली होती आणि पुढे उभे राहून ग्यानोबा पास्टर डावीकडची नावं एकेक करून वाचत होते. प्रत्येक नावासरशी वीस-पंचवीस बायका एकदम बोलू लागायच्या, जिचं तिचं वेगळं, आणि पुढचं नाव आलं की तो आवाज खाली बसायचा. पुनम, जळकोट, फिट येते. सुकन्या, सासरी नांदत नाही. उजवीकडची नावं कुणी वाचली नाहीत. ती वाचायची नसतात.

लातूरला बार्शी रोडच्या मागे, एकेकाळी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं गोडाऊन होतं त्या पत्र्याच्या हॉलमध्ये ही मंडळी जमायची. फळ्याची पद्धत तनुजाला आईकडूनच कळली होती. आजार, नोकरी, लग्न, जे काही अडलं असेल ते नावासकट डावीकडे, ‘विनंती’खाली लिहायचं. काम झालं की त्या माणसाने रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मग नाव डावीकडून पुसून उजवीकडे, ‘आभार’खाली जायचं.

आईचं नाव मे महिन्यात तिकडे गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर निघाला, नांदेडला ऑपरेशन झालं, सहा केमो झाल्या आणि शेवटचा रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. तेव्हा आईने वार्षिक सभेत, माइकवर, दोनेकशे माणसांसमोर साक्ष दिली. ऑक्टोबरात पोटात पाणी झालं. आता डिसेंबर होता. तनुजा नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायची. चार दिवसांची रजा टाकून ती आईला पुढच्या उपचारांसाठी न्यायला आली होती.

प्रार्थना संपल्यावर बायका पाणी पिऊन उपास सोडू लागल्या. तनुजा फळ्यापाशी गेली. शिवणाचे क्लास घेणारी अंजू तिथे खडू-पेनं आवरत होती. तिचं अक्षर चांगलं म्हणून फळा तिच्याकडे.

“अंजू, आईचं नाव चुकून तिकडे राहिलंय का?”

“चुकून कशाला ताई? साक्ष झाली की बाईंची. मीच लिहिलं, हिरव्यानं.”

“पण आजार परत आलाय. दोन महिने झाले.”

अंजूने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “माहीत आहे. पास्टरनं सांगितलं, मला एकटीला. पण साक्ष झाल्यावर नाव मागं नेत नाहीत ताई.”

“असा नियम आहे?”

“नियम नाही.” ती जरा गोंधळली. “अजून कुणाचं नेलंच नाही.”

“म्हणजे दोन महिने इथे आईसाठी प्रार्थनाच झालेली नाही?”

“मी करते ना घरी. मशीनवर बसल्या बसल्या.” अंजूच्या डोळ्यांत पाणी आलं. “खरंच करते.”

तनुजाला स्वतःचंच नवल वाटत होतं. धर्म, देव, त्यांचा इतिहास यावर तिने पुष्कळ वाचलं होतं आणि वाचून झाल्यावर ते सगळं नीट मिटून कपाटात ठेवलं होतं. ही माणसं करतात त्याने काही होतं असं ती मानत नव्हती. मग ते झालं नाही म्हटल्यावर कुणीतरी आपल्या आईचं औषध द्यायचं विसरलं असावं तसं तिला का वाटावं?

पास्टर स्वतःच जवळ आले. आडवा बांधा, हाताला अजून मेकॅनिकचे घट्टे. “सलाम ताई. बसा की.”

“बसायचं नाही. आईचं नाव डावीकडे न्या.”

त्यांनी अंजूकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “खरं सांगू का ताई, मला बी कळंना झालंय. बाईंच्या साक्षीवर सात घरं आली. जळकोटचा रामलिंग लेकीला घेऊन दोन बस बदलून येऊन राहिलाय दर रविवारी. आता त्याला काय सांगावं? ते खोटं व्हतं म्हणावं? खोटं तर नव्हतं. रिपोर्ट म्या डोळ्यांनी बघितलाय.”

“त्याला काय सांगायचं ते तुम्ही बघा. नाव न्या.”

“नेतो की! आत्ता नेतो. पण बाई हो म्हणू द्या. दोन येळा इचारलं त्यांना. त्याच न्हाई म्हणत्यात.”

तनुजाने वळून पाहिलं. दाराशी आई एका हाताने भिंत धरून चपलेत पाय घालत होती.

*

घरी आल्यावर तनुजाने कुकर लावला. आई ओट्याजवळ खुर्ची घेऊन तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसली. तिला नको म्हणून उपयोग नव्हता. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या बाईला रिकामे हात सहन व्हायचे नाहीत.

“तू नाही म्हणालीस?”

“हाव.”

“का पण?”

“आहे तिथं बरं आहे नाव.”

“आई, तुला बरं व्हायचं नाही का?”

“व्हायचंय की. कुणाला नको असतं? सोमवारी येऊनच राहिले ना तुझ्यासंगं. सुया टोचून घेते, गोळ्या खाते. कशाला नाही म्हणले ते सांग.”

तनुजाच्या तोंडून भलतंच निघालं. “मी माहूरला जाऊन आले.”

आईचे हात थांबले. “तू?”

“ऑक्टोबरात. रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी. सगळ्या पायऱ्या चढले.”

“लग्नात सत्यनारायण नको म्हणून बापाला तीन दिवस जेवू दिलं नाही, ती तू?” आई हसायला लागली, हसताना पोट दुखलं म्हणून एका हाताने पोट धरून पुन्हा हसली. “काय कबूल केलंस देवीला?”

“साडी. आणि खण-नारळ.”

“रंग?”

“आई!”

“नाही, सांग ना. हिरवी का?”

“हिरवी.”

“चांगली आहे.” आईने दाणे ताटलीत टाकले. “भुजंगला सांगितलंस का? खूश होईल.”

भुजंगमामा आईचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी आई या मंडळीत जाऊ लागली तेव्हा तो सगळ्या लग्नांत सांगत फिरायचा, आमच्या मास्तरीणबाईंनी रिटायर झाल्यावर देवाची बदली करून घेतली बरं का, आपसी बदली, ऑर्डरसुद्धा हातात आली. लोक हसायचे. आईही हसायची. त्याच्या घरच्या नैवेद्याचं ताट तिने कधी परत पाठवलं नाही आणि रविवारही कधी चुकवला नाही.

तिकडे जायची सुरुवात हातापासून झाली होती. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना. दीड वर्ष तेल, शेक, इंजेक्शनं झाली. मग शेजारची एकजण तिला या हॉलमध्ये घेऊन गेली, तिथे सगळ्यांनी प्रार्थना केली आणि आठ-दहा दिवसांत आईचा हात वर गेला. तनुजाने तेव्हा एकदाच सांगितलं होतं, आखडलेला खांदा दीड-दोन वर्षांत आपोआप सुटतो, पुस्तकात आहे. आई म्हणाली होती, असंल. आणि जात राहिली.

“माझा हात बरा झाला ना,” आई आता तेच बोलत होती, शेंगांकडे बघत, “तेव्हा मी देवाकडं गेलेच नव्हते. हातासाठी गेले होते. हात मिळाला. मग काम झाल्यावर माणूस घरी येतो का नाही? मी आपली जातच राहिले. का ते मला सांगता येत नव्हतं. तुझे बाबा असते तर म्हणले असते, आता काय राहिलंय तुझं तिथं?”

“काय राहिलं होतं?”

“थांब की. मे महिन्यात साक्ष दिली ना, ती चुकीची दिली मी.”

“रिपोर्ट तर खरा होता.”

“रिपोर्ट खरा होता. मी चुकले. माइकवर काय बोलले माहीत आहे? देवानं मला बरं केलं, म्हणून मी त्याची आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तेच वाक्य डोक्यात. बरं केलं म्हणून. आणि नाही केलं तर?” आईने एक किडकी शेंग बाजूला टाकली. “तुझ्या डॉक्टरनं मॉनिटर वळवून दाखवला तेव्हा मला आधी काय वाटलं सांगू का? भीती नंतर वाटली. आधी वाटलं, आता कळंल. मी तिथं कशासाठी जाते ते माझं मलाच कळंल.”

“आणि कळलं?”

“थोडं थोडं. पूर्ण नाही.”

कुकरची शिट्टी झाली. तनुजाने गॅस बारीक केला.

“नाव डावीकडं आणलं तर आभार परत घेतल्यासारखं होतं,” आई म्हणाली. “मला परत नाही घ्यायचे. दिले ते दिले. तेव्हा रिपोर्ट बघून दिले होते. आता रिपोर्ट नाही, तरी राहू दे.”

वाक्य म्हणून ते तनुजाला कळलं. एखाद्या संताच्या चरित्रात वाचलं असतं तर तिने खाली पेन्सिलीने रेघ मारली असती. पण समोर पुस्तक नव्हतं, आई होती. मनगटावर सलाइनचे निळे डाग, खुर्चीखाली सुजलेले पाय. मागणं सोडून दिलेला माणूस सामान बांधायला लागलेला असतो, एवढंच तिला त्यातून ऐकू येत होतं.

“म्हणजे तू जायची तयारी केलीस.”

“वेडी का तू? तुझ्या वरदची दहावी बघायचीय मला. तुझ्यापाशी बसायचंय अजून.”

“मग ते माग ना!” तनुजाचा आवाज चढला. “मागायला काय जातं तुझं? मी मागून आले, मी! माझा विश्वास नसताना!”

आईने ताटलीतले दाणे एका बाजूला सारले. मग म्हणाली, “मी मागितलं आणि नाही मिळालं, तर मी रुसंल त्याच्यावर. माझा स्वभाव तुला माहीत आहे. भुजंगशी मी एका भांडणापायी चार वर्षं बोलले नव्हते. आता रुसायला वेळ नाही तनू.”

तनुजा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. काही वेळाने, हरलेल्या माणसाच्या चिकाटीने, तिने शेवटचा मुद्दा काढला. “पण लोकांना वाटतंय तू बरी आहेस. तुझ्या नावावर माणसं दोन-दोन बस बदलून येतायत. हे खोटं नाही का?”

आईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं की हे तिच्या मनात आलं नव्हतं.

“हाव,” ती म्हणाली. “हे मात्र तू बरोबर बोललीस.”

*

रविवारी हॉल भरला होता. गाणी झाली, साक्षीची वेळ आली. एका मुलाने तलाठ्याची परीक्षा पास झाल्याचं सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आई उठली. तनुजाने हात पुढे केला तर तिने तो बाजूला केला, पण चार पावलांवर थांबून पुन्हा स्वतःच मागितला.

माइक धरून आई वर्गात बोलायची तशी बोलली. “मे महिन्यात मी इथं सांगितलं की माझा आजार गेला. तेव्हा गेला होता. आता परत आलाय. पोटात पसरलाय. डॉक्टर औषध देऊन राहिलेत, पण फार काही सांगत नाहीत.”

“हालेलुया!” मागून कुणीतरी सवयीने म्हणालं. दोन बायकांनी वळून त्याच्याकडे डोळे वटारले.

“माझं नाव आभारात आहे,” आई म्हणाली. “ते तिथंच ठेवा. अंजू, पुसू नको. मला बरं केलं म्हणून ते तिथं नाही. ते...” तिला शब्द सापडेना. चौतीस वर्षांत तिला फळ्यासमोर शब्द सापडला नाही असं क्वचितच झालं असेल. “ते तसंच आहे. एवढंच.”

टाळ्या वाजल्या नाहीत. पत्र्यावर कबुतरं चालल्याचा आवाज येत होता. पास्टर माइक घ्यायला पुढे आले तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने एक माणूस उभा राहिला. पांढरा सदरा, धोतर, खांद्यावर टॉवेल. शेजारी वीस-बावीस वर्षांची मुलगी, कपाळावर जुन्या पडण्याची खूण.

“बाई, मी रामलिंग, जळकोटचा.” त्याने टॉवेल खांद्यावरून हातात घेतला. “तुमचं ऐकून आलो म्या. मे महिन्याला हितंच मागं हुभा व्हतो. भावकीच्या शिव्या खाऊन येतोय. आन तुमी आता म्हणता परत आलं? मग हिचं काय?” त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. “मागावं का न मागावं? येक काय ते सांगा!”

“रामलिंगदादा, बसा,” पास्टर म्हणाले.

“का बसू? तुमाला बी इचारतो मग. तुमाला म्हाईत व्हतं का न्हाई?”

“म्हाईत व्हतं,” पास्टर म्हणाले. “चुकलं माझं.”

तनुजाला वाटलं, आता आईला घेऊन इथून निघावं. हे आपण केलं. शुक्रवारी आपण गप्प बसलो असतो तर या माणसाची आशा तशीच राहिली असती. आणि त्याच क्षणी तिला असंही वाटत होतं की तो जे विचारतोय तेच तिलाही विचारायचं होतं, येक काय ते सांगा, आणि आईने त्याला तरी उत्तर द्यावं.

आई पुरुषांच्या बाजूला गेली. तिकडे बायका जात नसत. रामलिंगच्या शेजारी सतरंजीवर तिला बसता येईना, म्हणून अंजूने धावत खुर्ची नेऊन दिली.

“मला नाही सांगता येत,” आई त्याला म्हणाली. माइक नव्हता, तरी शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. “तुमच्या लेकीचं नाव डावीकडं आहे ना? राहू द्या. मी रोज मागते तिच्यासाठी. तिची फिट जावी म्हणून मागते.”

“आन सोतासाठी?”

“स्वतःसाठी मागत नव्हते.”

“का?”

“भ्याले म्हणून असंल,” आई म्हणाली. “मला माहीत नाही.”

रामलिंग तिच्याकडे पाहत राहिला. राग गेला नव्हता, पण तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नसावं. शेवटी तो खाली बसला. त्याच्या लेकीने, पुनमने, आईच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि उपासना संपेपर्यंत मांडीवर धरून ठेवली.

*

सोमवारी नांदेडला जाताना अहमदपूरपर्यंत आई खिडकीला डोकं टेकून होती. लोहा आलं तेव्हा तनुजाने विचारलं, “तू शुक्रवारी मला सांगितलंस, रुसायला वेळ नाही म्हणून. काल त्याला म्हणालीस, भ्याले म्हणून. खरं कुठलं?”

“दोन्ही असतील.”

“आणि पुनमसाठी मागतेस ते?”

“ती काय मी आहे? तिच्यासाठी मागायला मला भीती नाही वाटत.”

“मला काही कळत नाहीये, आई.”

“मला तरी कुठं,” आई म्हणाली आणि तिने तनुजाच्या मांडीवर हात ठेवला. तो हात नांदेडजवळचं विष्णुपुरी दिसेपर्यंत तिथेच होता.

दुसरं औषध लागू पडलं नाही. फेब्रुवारीत डॉक्टरांनी तनुजाला बाजूला घेऊन घरी न्यायला सांगितलं. नांदेडच्या श्रीनगर भागातल्या तनुजाच्या फ्लॅटमध्ये, वरदच्या खोलीत, खिडकीला लागून पलंग टाकला. वरद हॉलमध्ये टेबलावर अभ्यास करू लागला. भुजंगमामा दर दोन दिवसांनी यायचा, जवळ बसून आईचे पाय चेपायचा आणि बदलीचा विनोद आता करायचा नाही. एकदा आईनेच त्याला विचारलं, “काय रे, ऑर्डर रद्द झाली का माझी?” तेव्हा तो तोंड फिरवून बाल्कनीत गेला.

आई प्रार्थना करायची ती आता ऐकू येत नसे. ओठ हलायचे. दुखणं वाढलं की तेही थांबायचे. तनुजा कपाळावर ओलं फडकं ठेवायची, दुखणं कमी करणारा पॅच बदलायची, चमच्याने पाणी द्यायची. या सगळ्यात तिला चांगलं वाटायचं, कारण ते कसं करायचं ते माहीत होतं. वाईट वेळ दुपारी चारला यायची. औषध उतरत आलेलं असायचं, पुढचं द्यायला दोन तास असायचे. तेव्हा काहीच करण्यासारखं नसायचं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अशाच एका दुपारी आई म्हणाली, “तनू, मला जमत नाहीये. तू कर.”

“काय करू?”

“प्रार्थना.”

तनुजा उशी नीट करत होती, तशीच थांबली. “मला येत नाही.”

“येण्यासारखं काय असतं त्यात?”

“काय बोलू? आभार मानू? ते मी मानणार नाही आई. खोटं होईल.”

“मग खोटं नको बोलू,” आई म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले आणि हात पुढे केला, वर्गात गृहपाठाची वही मागताना करायची तसा.

तनुजाने तो धरला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तिला वाटलं, आईला हवं ते बोलावं, दोन सुंदर ओळी. अशा ओळी तिने पुष्कळ वाचल्या होत्या. त्यातली एकही ओळ तोंडात येईना. जे आलं ते माहूरच्या पायऱ्यांवर आलं होतं तेच, फक्त या वेळी द्यायला साडी नव्हती, काहीच नव्हतं.

“हिला बरी कर,” ती म्हणाली. “मला बाकी काही कळत नाही. हिला बरी कर.”

आणि लगेच तिला वाटलं की तिने केवढी चूक केली. आईने सहा महिने ज्या दाराला हात लावला नव्हता ते दार तिने आईचाच हात धरून ठोठावलं होतं. आता आई रुसेल; तिच्यावर, नाहीतर त्याच्यावर.

आईने डोळे उघडले नाहीत. तिने तनुजाची बोटं दाबली. फार जोर नव्हता त्यात. “आमेन,” ती म्हणाली.

*

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी आई गेली. वरदचा भूमितीचा पेपर होता. तो जाऊन येईपर्यंत त्याला सांगितलं नाही.

लातूरला नेऊन मातीला दिलं. आईने तसं लिहून ठेवलं होतं. भुजंगमामा पुढे झाला आणि पहिली मूठ त्याने टाकली. पास्टर थोडंच बोलले. बाई शिकवून गेल्या, काय शिकवलं ते समजायला येळ लागंल, असं काहीसं. रामलिंग आला होता, पुनमला घेऊन. तनुजाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “न्हाई ताई, फिट हाय अजून. मंगळवारी बी आली.” मग जरा थांबून, “पर येतो आमी.” का, ते त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

नांदेडला परत आल्यावर तनुजा कॉलेजला जाऊ लागली. दहा दिवस, पंधरा दिवस. लोक भेटायला यायचे, ती त्यांच्याशी नीट बोलायची. दुपारी घरी एकटी असताना मात्र तिला राग यायचा. डॉक्टरांवर नाही, त्यांनी सगळं केलं होतं. लातूरच्या माणसांवरही नाही. तिने आयुष्यात एकदाच, साक्षीदारासमोर, मोठ्याने, साध्या मराठीत एक गोष्ट मागितली होती आणि ती दिली गेली नव्हती. त्याचा राग. तो राग नेमका कुणावर आहे हे ती स्वतःला विचारायची आणि तिथे तिची गाडी अडायची. कपाटातली पुस्तकं काढून बघितली. त्यात दुःखाबद्दल होतं, देव असण्याबद्दल होतं, नसण्याबद्दल होतं. नसलेल्यावर इतकं रुसता येतं का, याबद्दल तिला काही सापडलं नाही.

आणि तो ‘आमेन’. आई काय म्हणाली होती त्या एका शब्दात? मलाही बरं व्हायचंय, असं? की तू मागितलंस तेच पुष्कळ झालं, असं? की नुसतंच, मुलाने चुकीचं उत्तर दिलं तरी त्याने हात वर केला म्हणून बाई मान हलवते, तसं? ती रोज वेगळं ठरवायची.

एप्रिलमधल्या एका शनिवारी ती चहा टाकून ओट्यापाशी उभी होती. दूध वर येत होतं. “नाही दिलंस ते नाही दिलंस,” ती म्हणाली. “निदान तिचं दुखणं तरी लवकर थांबवायचं होतंस. नऊ दिवस कशाला लावलेस? आणि मला नको विचारूस की मी आता काय मागणार. मी काही मागणार नाहीये. मी फक्त सांगतेय.”

“कुणाशी बोलतेयस?” हॉलमधून गंधारने, तिच्या नवऱ्याने, विचारलं. “फोन आहे का?”

तिने गॅस बंद केला. फोन बेडरूममध्ये चार्जिंगला होता.

“नाही,” ती म्हणाली. “थांब जरा. माझं बोलून व्हायचंय.”